थोडं वर, थोडं उजवीकडे

माझी थोरली बहीण दीपा नेवाशाजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. पहिलीचा वर्ग कायम तिच्याकडे. मुख्याध्यापक बदलले, शाळेवरचे पत्रे बदलले, पण पहिली म्हणजे साळवेबाई, हे काही बदललं नाही. जूनमध्ये रडत आलेली पोरं उन्हाळ्यापर्यंत एसटीच्या पाट्या वाचायला लागायची आणि त्यांच्या आया सांगत फिरायच्या की आमचं पोरगं साळवेबाईंच्या हाताखालचं हाय.

आमचे वडील रंभाजी भिंगारदिवे, आमचे दादा, नगरला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात शिक्षणाच्या बाबतीत वाद नव्हता. बाकी सगळ्या बाबतीत होता. ताई डी.एड. झाली, लगेच नोकरीला लागली आणि तिच्या पहिल्या शाळेपर्यंत दादा स्वतः तिला पोचवून आले. मी टेलिफोन खात्यात लागले आणि लग्नानंतर नगरमध्येच सावेडीत राहायला आले.

पंच्याण्णव साल असेल. हजेरी घेताना ताईला नावांतलं एखादं अक्षर सापडेना. ओळीच्या मधोमध कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं व्हायचं. तिला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. नेवाशातल्या चष्मेवाल्यानं काच बदलून दिली, मग पुन्हा बदलून दिली. फरक पडेना. शेवटी मी तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर भले होते. बाहेर रांग लागलेली असूनही त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. मागच्या पडद्याचा अगदी मधला भाग सुकत चालला होता. आपण ज्या गोष्टीकडे टक लावतो ती या भागावर पडते, म्हणून वाचणं आणि चेहरे ओळखणं हळूहळू जाईल. औषध नाही, ऑपरेशन नाही.

"पण पूर्ण अंधार होणार नाही," ते म्हणाले. "कडेची नजर राहील. चालाल, फिराल, घरकाम कराल."

"आणि वाचन?" ताईनं विचारलं.

डॉक्टरांनी चित्राचा कागद तिच्याकडे सरकवला आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं.

परत येताना शिरूरला गाडी थांबली. मी चहा आणला. तो हातात धरून ताई म्हणाली, "अश्विनी, हे शाळेत सांगायचं नाही. पहिलीच्या बाईला अक्षर दिसत नाही म्हटल्यावर कोण ठेवून घेईल?"

तिनं ते लपवलं. कसं लपवलं याचं मला अजून नवल वाटतं. पहिलीचं पुस्तक तिला तोंडपाठ होतंच. मुलांना ती आवाजावरून, चालण्यावरून, सदऱ्याच्या रंगावरून ओळखायला लागली. जो बोलेल त्याच्या आवाजाच्या दिशेनं ती डोळे सरळ रोखायची, म्हणजे समोरच्याला वाटावं की बाई आपल्याकडेच बघतायत. तिला मात्र त्याच्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग दिसायचा. कान दिसायचे, फेटा दिसायचा, खांदे दिसायचे. तोंड नाही.

आणि यातही एक अडचण होती. जरा लक्ष दुसरीकडे गेलं की तिचे डोळे आपोआप वर सरकायचे. समोरचा माणूस बोलत असायचा आणि ताई त्याच्या डोक्यावरून कुठंतरी मागं बघत असायची. लक्षात आलं की ती डोळे ओढून पुन्हा सरळ करायची. तिला वाटायचं, आजार वाढतोय, आता डोळेही ताब्यात राहत नाहीत.

गावात कुजबुज सुरू झाली. पहिलीतल्या एका मुलीची आई, राहीबाई, थेट शाळेत येऊन बोलली. "बाई आमच्याशी बोलताना भलतीकडंच बघत्यात. आमी काय मानसं न्हाई का?" मुख्याध्यापक गोरक्षनाथ दरंदले नेवाशाच्या बाजारात समोरून आले, हात जोडून उभे राहिले आणि ताई त्यांच्या शेजारून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. कारण तिला नंतर शाळेतल्या दुसऱ्या बाईंकडून कळलं, पण आपली बाजू सांगता येत नव्हती.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली ती राजीनामा द्यायचा हे ठरवूनच. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान साळवे, साखर कारखान्यात होते. ते म्हणाले होते, तुझ्या मनाला येईल ते कर. दिवसभर ती माझ्या स्वयंपाकघरात बसून भाज्या निवडायची, कारण ते काम बोटांनी होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर शरिफाचाची राहायच्या. त्यांची मुलगी अर्शी नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि पुण्याला पुढची पदवी करत होती. त्या पदवीसाठी तिनं घेतलेला विषय आमच्या सगळ्या बिल्डिंगला माहीत झाला होता, कारण त्यासाठी तिला माणसं लागत होती. कॉम्प्युटरवर फोटो दाखवायचा आणि माणूस त्यात आधी कुठं बघतो, मग कुठं बघतो, ते टिपायचं. आणि ते माणूस बसायच्या आधीच कॉम्प्युटरला ओळखता येतं का, हे तपासायचं.

माणसं जमवायचं काम शरिफाचाचींनी अंगावर घेतलं होतं. जिन्यात जो भेटेल त्याला त्या वर न्यायच्या. "काही करायचं नाही. खुर्चीत बसायचं, फोटो बघायचे. चहा देते मी." दूधवाला बसून गेला होता, इस्त्रीवाला बसून गेला होता. एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या आणि त्यांनी आम्हा दोघींनाही धरलं.

मी सबबी सांगायला लागले. ताईनं माझा हात दाबला आणि चाचींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. चल."

वरच्या खोलीत जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या पुढ्यात सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट, हनुवटी टेकवायला, म्हणजे डोकं हलू नये. मॉनिटरच्या खाली लग्नात असतो तसला मोठा व्हिडिओ कॅमेरा बसवलेला. तो अर्शीच्या रज्जाकमामूंचा. त्यांचा झेंडीगेटला शूटिंगचा धंदा होता. लग्नसराई असूनही भाचीसाठी त्यांनी एक कॅमेरा मोकळा ठेवला होता. कॅमेरा फोटोचं नाही, बघणाऱ्याच्या डोळ्याचं शूटिंग करायचा.

"आधी टिपके येतील," अर्शीनं मला सांगितलं. "मधोमध एक, मग चारी कोपऱ्यांत एकेक. त्यांच्याकडे नीट बघा. त्यावरून मला कळतं की तुमचं बुबुळ इथं असलं म्हणजे नजर तिथं आहे. मग फोटो."

फोटो साधे नव्हते. स्कॅन करून तिनं त्यांतला करडा रंग काढून टाकला होता. जे होतं ते ठार काळं नाहीतर पांढरंशुभ्र. चुन्याच्या भिंतीपुढे म्हैस. तारेत अडकलेला पतंग. एसटी स्टँडवरची गर्दी. बांगड्यांच्या दुकानात हात पुढे केलेली नवरी.

"डोळा आधी कुठं ओढला जातो, तर काळं आणि पांढरं जिथं एकमेकांवर आपटतं तिथं," अर्शी म्हणाली. "आणि माणसाचं तोंड असेल तर तिकडे. कॉम्प्युटरला मी हे शिकवलंय. तुम्ही कुठं बघणार याचा अंदाज त्यानं आधीच काढून ठेवलाय."

"माझं मला माहीत नाही आणि ह्याला माहीत?" मी म्हटलं.

"बघू ना," ती हसून म्हणाली.

माझं झाल्यावर ताई बसली. मी श्वास धरून उभी. टिपके आले तशी तिची नजर मध्ये गेली, मग एकेका कोपऱ्यात गेली. अर्शी खूश झाली. मग फोटो सुरू झाले आणि मला दिसलं की ताई हळूहळू सैल पडतेय. हे फोटो तिला बऱ्यापैकी दिसत होते. नेहमीच्या फोटोत तिला सगळा चिखल दिसायचा. इथं काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं. म्हशीच्या फोटोला ती चक्क हसली. म्हणाली, "शिंग मोडकं आहे हिचं." एवढ्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी वरून भांडणाचा आवाज आला. रज्जाकमामू आले होते आणि अर्शी त्यांना म्हणत होती की कॅमेरा हलला. मामू चिडले होते. "हजार निकाह शूट केलेत मी. माझा कॅमेरा हलत नाही. तुझा कॉम्प्युटर बघ."

अर्शीची पद्धत अशी होती. डोळ्याची कॅसेट टीव्हीवर लावायची, चित्र थांबवत थांबवत पुढे न्यायचं, काचेवर पारदर्शक कागद चिकटवून प्रत्येक वेळी बुबुळ कुठं आहे ते टिपायचं. मग ते फोटोवर उतरवायचं. कॉम्प्युटरच्या अंदाजाचे गोल आणि माणसाच्या नजरेच्या फुल्या. माझ्या फुल्या बहुतेक गोलांत पडल्या होत्या. दूधवाल्याच्याही. ताईची एकही फुली गोलात नव्हती.

तिनं ताईला पुन्हा बसवलं. कॅमेरा दोरीनं टेबलाला बांधला. पुन्हा तेच झालं. टिपके बिनचूक, फोटो सगळे चुकलेले.

मग एका संध्याकाळी ती खाली आमच्याकडे आली. ताई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. अर्शी तिच्यासमोर बसली आणि तिनंही दोन काड्या हातात घेतल्या.

"दीपाताई, एक विचारू? राग मानू नका. ते टिपके तुम्हाला दिसत होते का?"

ताईचा हात थांबला. मी मध्ये पडणार होते, पण तिनंच सांगितलं.

"नाही."

"मग बरोबर त्याच जागी कसं बघितलंत?"

"अश्विनीला तू सांगत होतीस ते ऐकलं होतं. मधोमध एक, चार कोपऱ्यांत चार. काचेचे कोपरे दिसतात मला. तिथं डोळे नेले. सवय आहे. माणसांशी बोलताना हेच करते मी."

"आणि फोटो बघताना?"

"फोटो बघताना विसरले असेन. चांगले होते फोटो."

मग ताईनं तिला सगळं सांगितलं. पुण्याचे डॉक्टर, शाळा, डाग, वर पळणारे डोळे. अर्शी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. ती उठली, धावत वर गेली आणि कागद घेऊन आली. तो ताईपुढे धरला आणि मग तिच्या लक्षात आलं की बारीक रेघा हिला दिसणार नाहीत. पुन्हा वर गेली. या वेळी जाड काळा मार्कर आणि कोरे कागद आणले. आमच्या जमिनीवर बसून तिनं एकेका फोटोचे गोल आणि फुल्या मोठ्या करून काढल्या.

"हा गोल म्हणजे अंदाज. ही फुली म्हणजे तुम्ही. आता दुसरा फोटो. गोल, फुली. तिसरा."

ताई कागदावर वाकली. अर्शीनं तिचं बोट धरून आधी गोलावर ठेवलं, मग फुलीवर. प्रत्येक फुली गोलाच्या थोडी वर होती आणि थोडी उजवीकडे. प्रत्येक वेळी जवळपास तितकीच.

"अंदाज नुसता चुकला असता तर फुल्या कुठंही पडल्या असत्या," अर्शी म्हणाली. "या सगळ्या एकाच बाजूला आहेत. म्हणजे सगळे जे बघतात तेच तुम्ही बघत होता. म्हैस बघत होता, नवरीचं तोंड बघत होता. फक्त ते दिसावं म्हणून डोळा जरा वर उजवीकडे ठेवत होता. तुमच्या पडद्यावर मधली जागा गेली, पण बाजूला चांगली जागा आहे. तुमच्या डोळ्यांनी ती स्वतःच शोधून काढलीय, ताई. तुम्हाला न विचारता."

ताई म्हणाली, "म्हणजे ते ताब्यातून गेलेले नाहीत?"

"नाही. ते काम करतायत."

"आणि मी दोन वर्षं त्यांना ओढून सरळ करतेय."

एवढं म्हणून ती रडायला लागली. पुण्याला रडली नव्हती, शिरूरला रडली नव्हती. अर्शी घाबरली, तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. मी तिला म्हटलं, रडू दे.

अर्शीनं एक गोष्ट फार चांगली केली. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, मला जे दिसलं ते मी सांगितलं, आता डॉक्टरांना विचारू. नगरमधल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघी कागद घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, बरोबर आहे, काही पेशंटना अशी बाजूची जागा सापडते, सराव करा, डोळ्याला अपाय काही नाही. पहिल्याइतकं स्पष्ट दिसणार नाही हे मात्र त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मग मे महिन्याच्या उरलेल्या संध्याकाळी ताई वर जायला लागली. अर्शीनं तिच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पूर्ण काळा पडदा. त्यावर एक पांढरी चांदणी, आणि चांदणीच्या खाली, डावीकडे, तळहाताएवढं पांढरं अक्षर. ताईनं चांदणीकडे बघायचं आणि अक्षर ओळखायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण अक्षर आलं रे आलं की डोळा त्याच्यावर जायचा आणि अक्षर गिळलं जायचं. लहानपणापासून जे बघायचं त्याच्यावर डोळा लावायची सवय. ती मोडायची म्हणजे, ताई म्हणायची, समोरून कुणी हाक मारतंय आणि आपण वळायचं नाही असं आहे हे. तिचं डोकं दुखायचं. कधी ऐन मध्यात लाईट जायची आणि तिघीचौघी अंधारात कैरीचं पन्हं पीत बसायचो. शरिफाचाची म्हणायच्या, "सबर करो बेटा. मलाही सुईत दोरा ओवायला साल लागलं होतं, आणि माझे तर डोळे चांगले होते."

एकदा अर्शीनं एकट्या अक्षराऐवजी शब्द टाकला. ताई चांदणीकडे बघत बसली. ओठ हलले.

"वांगी," ती म्हणाली.

अर्शीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"अम्मी काय करतेय आत, तेच टाकलं मी," अर्शी म्हणाली. "वासावरून तर नाही ओळखलंत?"

"वांगीच लिहिलंय. वा ला अनुस्वार आहे, गी दीर्घ आहे. पहिलीची बाई आहे मी."

मग अर्शी शब्द टाकत गेली. चप्पल. पंखा. नेवासा. ताई काही चुकली, काही बरोबर आले. खाली आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या कानाच्या वर कुठंतरी नजर ठेवली आणि तशीच थांबली. "अश्विनी, तुझे केस पिकायला लागलेत की गं," ती म्हणाली. दोन वर्षांनी तिनं माझं तोंड पाहिलं होतं. मी तिला जेवायला वाढायला आत गेले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

शाळा उघडायच्या आधी ती दरंदले गुरुजींच्या घरी गेली. मी बरोबर होते. ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं, बाजारातला प्रसंगसुद्धा. गुरुजी खाली मान घालून ऐकत होते.

"साळवेबाई," शेवटी ते म्हणाले, "मी त्या दिवसापासून मनात धरून बसलो होतो. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर."

"भीती वाटली, गुरुजी."

"कशाची? मी काढून टाकीन याची?" ते ओट्याच्या कडेला सरकून बसले. "तेही खरंच आहे म्हणा. तेव्हा कदाचित वर कळवलंही असतं. आता तुम्ही वाचता म्हणता ना?"

"मोठं आणि ठळक असेल तर. काळ्यावर पांढरं सगळ्यात चांगलं दिसतं."

"मग शाळेत दुसरं काय असतं?" गुरुजी म्हणाले. "फळा काळाच आहे की."

फळा खरंतर काळा राहिलेला नव्हता, झिजून राखेच्या रंगाचा झाला होता. गुरुजींनी सुट्टीतच मोठ्या पोरांना लावून कोळसा कुटला, वालाच्या पानांचा रस काढला आणि पहिलीच्या वर्गाचा फळा दोन हातांत काळाकुट्ट करून घेतला. हजेरी घ्यायचं काम चौथीच्या बाईंनी आपण होऊन घेतलं. पाट्यांवर मुलांनी अक्षर मोठं काढायचं, एका पाटीवर एकच, असा नवा नियम झाला. त्याचा फायदा मुलांनाच झाला. अक्षरं सुबक आली.

पालकांची सभा भरली तेव्हा ताई उभी राहिली. तिला फार बोलायची सवय नव्हती. "माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय," ती म्हणाली. "तुमच्याकडे सरळ बघितलं तर मला तुमचं तोंड दिसत नाही. तुमच्या डोक्याच्या जरा वर, बाजूला बघितलं तर दिसतं. म्हणून मी तिकडे बघते. तुम्हाला टाळत नाही."

मग मागून राहीबाईंचा आवाज आला.

"मंग बघा की तिकडं. आमाला काय म्हाईत हुतं? आमी आपलं म्हनलं, बाई मोठ्या झाल्या, आता आमच्याकडं कशाला बघत्यात."

"तुम्ही पिवळं लुगडं नेसलाय आणि तुमचा दात पडलाय," ताई म्हणाली.

"व्हय बाई, परवाच पडला," राहीबाई म्हणाल्या, आणि सगळी सभा हसली.

अर्शीचा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. ताईच्या फुल्या हिशेबात घेता आल्या नाहीत. मार्गदर्शकांनी त्या काढून टाकायला सांगितल्या आणि ते रास्तच होतं, कारण तो अभ्यास चांगल्या डोळ्यांचा होता. अर्शीनं त्या काढल्या, पण ताईला येऊन सांगितलं की काढताना वाईट वाटलं. ताई म्हणाली, "तुझ्या कामाच्या नव्हत्या, माझ्या होत्या. मला मिळाल्या."

नव्व्याण्णवला अर्शीला बंगळूरला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ताई गावाहून ज्वारीचं पीठ, घरचं तूप आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. एवढं सामान रेल्वेत कसं न्यायचं यावरून चाची आणि मामूंचा वाद झाला. अर्शी म्हणत होती, "ताई, मी काहीच केलं नाही. मला माझ्या अभ्यासासाठी माणूस हवा होता."

"ते माहीत आहे मला," ताई म्हणाली. "तुझा अंदाज चुकला तेव्हा तू मला वगळून पुढं जाऊ शकली असतीस. कुणीही गेलं असतं. तू खाली आलीस आणि मेथी निवडायला बसलीस."

त्यानंतर दर ईदला ताई सावेडीला यायची. आधी वर चाचींकडे, मग माझ्याकडे. मी कधी कुरकुर केली नाही. चाची शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातात देऊन समोर बसायच्या आणि ताई त्यांच्या डोक्यावरच्या पदराकडे बघत त्यांचं तोंड डोळे भरून पाहायची.

ताईच्या गावात बनुबाई नावाची म्हातारी होती. वयानं तिचंही तसंच झालं होतं. नातवाचं तोंड दिसेना म्हणून ती त्याला हातानं चाचपायची. ताईनं एकदा ते पाहिलं. कॉम्प्युटर नव्हता, कॅमेरा नव्हता. बनुबाईच्या घराची भिंत तव्याच्या काजळीनं काळी केली, मधोमध चुन्याचा जाड ठिपका दिला आणि त्याच्या भोवती जरा लांबवर, घड्याळातल्या आकड्यांसारख्या, चुन्याच्या रेघा ओढल्या. बनुबाईला आकडे येत नव्हते, म्हणून एकेका रेघेला वस्तूचं नाव दिलं. ही चूल, हे जातं, हा दरवाजा, ही गाय.

"आता चुलीकडं बघा," ताई म्हणायची. "मधला ठिपका दिसतो का?"

"न्हाई."

"जात्याकडं बघा."

"न्हाई बाई. उगं का म्हातारीला दमवती?"

"दरवाजाकडं."

बनुबाईची नजर दरवाजाच्या रेघेवर गेली आणि तिथंच राहिली. "हाय," ती हळूच म्हणाली. "हाय की गं. पांढरा हाय."

ताईनं बाहेर खेळणाऱ्या नातवाला आत बोलावलं आणि भिंतीपुढे उभं केलं. पोरगं चुळबुळत होतं. बनुबाईनं त्याच्या कानाच्या पलीकडे, खाली, नजर लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"नाक बापावर गेलंय," ती म्हणाली, आणि पोराला सांगितलं, "थांब जरा. हालू नगंस."